कार्ल्याचा अंधार कुठे गेला? वास्तूंच्या एचडीआर छायाचित्रांविषयी

मागपर्यंत आवाज येतोय ना? ठीक. दिवे थोडे कमी करता आले तर बरं होईल, कारण आज सगळं बोलणं अंधाराविषयीच आहे.

पडद्यावरचा हा फोटो बघा. कार्ल्याचं चैत्यगृह. खांबांवरची एकेक स्वारी स्पष्ट दिसतेय, हत्तींच्या सोंडा दिसतायत, छताच्या लाकडी कमानींचे रेषे मोजता येतील. बाजूच्या पडवीतसुद्धा भिंतीवरची छिन्नी दिसते. वर सूर्यगवाक्षातून बाहेरचं निळं आकाश आणि त्यातला ढगसुद्धा आलाय. दगड मधासारखा पिवळा. सुंदर आहे, नाही का? काही जणांनी माना डोलावल्या. हा फोटो माझा आहे, बारा-तेरा वर्षांपूर्वीचा. एका कॅलेंडरवर छापून आला होता आणि मला त्याचे पैसेही मिळाले होते. आज मी जी टीका करणार आहे ती पहिल्यांदा याच फोटोवर आहे, म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको.

माझी मोठी आत्या चैत्रात एकवीरेला जायची. देवळाला लागूनच चैत्यगृह. दर्शन झालं की ती आत जाऊन पाच मिनिटं बसायची, पाय दुखायचे म्हणून. तिच्या इतक्या वेळा कार्ल्याला मी काही गेलेलो नाही. तिला मोठ्या कौतुकानं कॅलेंडर दाखवलं. तिनं चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "छान आहे रे. कुठलं आहे?" मी म्हटलं, "अगं आत्या, कार्ला!" तर म्हणते, "आत दिवे लावलेत का आता?"

मला राग आला होता तेव्हा. म्हटलं हिला फोटोतलं काय कळतं. पण ती समीक्षा होती, आणि नेमकी होती. ती समजायला मला चार-पाच वर्षं लागली.

आधी ती वास्तू कशी चालते ते बघू. "चालते" हा शब्द मुद्दाम वापरतोय, कारण चैत्यगृह हे उजेडाचं यंत्र आहे. लांबी सुमारे ३८ मीटर, रुंदी आणि उंची दोन्ही साधारण १४ मीटर. दोन हजार वर्षांपूर्वी डोंगर कोरून काढलेलं. तोंड पश्चिमेला. आत खांबांच्या दोन रांगा, टोकाला स्तूप, त्यावर लाकडी छत्र. उजेड येण्याची मुख्य वाट एकच, दारांच्या वरचं ते मोठं घोड्याच्या नालासारखं गवाक्ष. दारांतून थोडा येतो, तो जमिनीवरच राहतो. गवाक्षातून येणारा उजेड मधल्या जागेवरून तिरपा जात स्तूपापर्यंत पोचतो. खांबांमागच्या पडव्या जवळजवळ अंधारात राहतात. एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसननं हे बरोबर हेरलं होतं: वरच्या एकाच मोठ्या झरोक्यातून येणारा उजेड मुख्य वस्तूवर पडतो आणि बाकी सगळं तुलनेनं अंधूक राहतं, यातच या वास्तूचं यश आहे असं त्याचं म्हणणं. त्याची भारताविषयीची बरीच मतं आज आपल्याला पटत नाहीत, पण हे पटतं.

म्हणजे बघा, तिथला अंधार उरलेला नाही, तो योजलेला आहे. कोरणाऱ्यांना आणखी दोन खिडक्या पाडता आल्या नसत्या का? आत शिरताना तुमचे डोळे बाहेरच्या उन्हाला सरावलेले असतात. पहिल्या क्षणी काही दिसत नाही. मग स्तूपाचा गोल आकार दिसू लागतो, मग जवळचे खांब, मग वर मान करून बघितलं की कमानी. डोळा पुरता सरावायला काही मिनिटं जातात. माझी आत्या पाच मिनिटं बसायची, तिला हे सगळं मिळायचं. माझ्या फोटोनं ती पाच मिनिटं काढून टाकली आणि सगळं एकदम ताटात वाढलं.

आता हे तंत्र काय आहे ते थोडक्यात. ज्यांना माहीत आहे त्यांनी दोन मिनिटं सहन करा. उजेड दुप्पट झाला की छायाचित्रकार त्याला एक स्टॉप म्हणतो. बाहेरचं ऊन आणि चैत्याची पडवी यांत दहा-बारा स्टॉपचा फरक सहज पडतो, कधी त्याहून जास्त. म्हणजे हजारो पट. छापील कागदावर पांढऱ्यात आणि काळ्यात जेमतेम शंभर-दोनशे पटींचा फरक असतो. हजारो पटींचं जग शंभर पटींच्या कागदात बसवायचं, ही अडचण छायाचित्रण जन्मल्यापासून आहे. १८५०च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे समुद्राची चित्रं काढायचा. त्या काळची काच निळ्या उजेडाला फार हळवी, त्यामुळे आकाश नुसतं पांढरं यायचं. मग तो आकाशाची एक काच, समुद्राची दुसरी, आणि दोन्ही मिळून एक छाप असं करायचा. पुढे अमेरिकेत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४०च्या आसपास झोन पद्धत बसवली. कुठला उजेड कागदावर किती करडा करायचा, ते फोटो काढण्याआधी ठरवायचं.

आणि मग १९९७. पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक. मलिक मूळचे आपल्या आयआयटी कानपूरचे, तेव्हा बर्कलीला शिकवत होते. त्यांच्या निबंधातलं गाजलेलं उदाहरण कशाचं आहे? एका वास्तूच्या आतल्या भागाचं! स्टॅनफर्डचं मेमोरियल चर्च. एकाच जागेवरून सोळा फोटो, सगळ्यात लांब ३० सेकंदांचा, सगळ्यात छोटा सेकंदाच्या हजाराव्या भागाचा, मधला प्रत्येक एकेका स्टॉपच्या अंतरानं. एका रंगीत काचेच्या मागे सूर्य होता. त्या सोळांमधून त्यांनी प्रत्येक बिंदूवर प्रत्यक्षात किती उजेड होता याचा नकाशा तयार केला.

मोजमाप हा शब्द लक्षात ठेवा. त्यांचा मुख्य हेतू "छान फोटो" काढायचा नव्हता, तर उजेड मोजायचा होता. तो नकाशा तुम्ही तसाच बघूही शकत नाही, कुठल्याही साध्या पडद्यावर तो मावत नाही. बघण्याजोगा करायचा तर तो दाबावा लागतो, आणि या दाबण्याला टोन मॅपिंग म्हणतात. आपण ज्याला "एचडीआर फोटो" म्हणतो, ते भडक, कुरकुरीत, काजळ घातल्यासारखे फोटो, त्यांत एचडीआर शिल्लकच नसतं. असतं ते टोन मॅपिंग. म्हणजे उसाला दोष देऊन काय उपयोग, गुऱ्हाळवाल्याला विचारायला हवं. (हशा)

दाबण्याच्या दोन रीती. पहिलीत सगळ्या चित्राला एकच नियम लावतात. जे प्रत्यक्षात जास्त उजळ होतं ते चित्रातही जास्तच उजळ राहतं, फक्त अंतरं कमी होतात. दुसरीत प्रत्येक भागाला त्याच्या शेजारपाजाराप्रमाणे वेगळा नियम. अंधाऱ्या भागाला उचल, उजळ भागाला दाब, आणि प्रत्येक ठिकाणचा बारीक फरक वाढव. दुसऱ्या रीतीनं तपशील भरपूर मिळतो. २००३च्या सुमाराला फोटोमॅटिक्ससारखी सॉफ्टवेअरं आली आणि हे काम प्रवासी छायाचित्रकाराच्या हातात एका पट्टीवर आलं. पट्टी उजवीकडे सरकवली की तपशील वाढतो. आणि पट्टी उजवीकडेच सरकते, हा मनुष्यस्वभाव.

पण त्यात मोडतं काय? उजेडाची उतरंड. परत माझा फोटो बघा. डोळे किलकिले करा, तपशील विसरा, नुसते डाग बघा. खांबांमागची भिंत आणि स्तूप, जास्त उजळ काय दिसतं? भिंत! प्रत्यक्षात तिथे स्तूप तिच्या कितीतरी पट उजळ असतो. गवाक्ष बघा, त्यातलं आकाश जमिनीपेक्षा गडद झालंय. ज्या भोकातून उजेड येतो तेच खोलीपेक्षा काळं! मग उजेड आला कुठून? आत्यानं तेच विचारलं होतं की, दिवे लावलेत का.

कमानींच्या कडेनं ही पांढरट झालर दिसते का? उजळ आणि गडद भाग शेजारी आले की वेगवेगळ्या नियमांची शिवण उसवते, ती ही. आणि दगडाचा मध? उजेड दाबला पण रंगांचं आपसातलं प्रमाण तसंच ठेवलं, की रंग जास्त गडद वाटायला लागतो. कार्ल्याचा दगड आपल्या सह्याद्रीचा काळा-करडा बेसॉल्ट आहे. मी त्याला जैसलमेरचा केला.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा जुन्या वळणाचा माणूस, फिल्मचं कौतुक करणार. अजिबात नाही. एकाच एक्स्पोजरचा फोटो जास्त खरा असतो असं म्हणणाऱ्यांचं मला कधी पटलं नाही. चैत्यात एकच फोटो काढा. गवाक्षाला धरलंत तर खाली सगळं डांबर, आणि स्तूपाला धरलंत तर वर पांढरा भगदाड. तिथे बसलेल्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. आपला डोळा फिरतो. गवाक्षाकडे वळला की बाहुली आकसते, पडवीकडे वळला की पसरते, आणि मेंदू सगळं जुळवून एक खोली उभी करतो. अनेक फोटो जोडणं ही तशी डोळ्याचीच रीत. म्हणून तंत्रावर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो हिशेब बुडवण्यावर. पडवीत काही दिसू दे, पण ती पडवीच राहू दे.

वेरूळचं कैलास लेणं वेगळं प्रकरण आहे. तिथे गुहेचा अंधार नाही, उघडं अंगण आहे. सुमारे ८० मीटर लांबीची खोल खाण म्हणा ना, तिच्या मध्यात उभं मंदिर. वर आभाळ, खाली काळा दगड. इथले एचडीआर फोटो शोधून बघा, जवळजवळ सगळ्यांत वादळ येतंय. मला नेहमी प्रश्न पडतो, वेरूळला इतकी वादळं येतात कधी? साधे पांढरे ढग असतात हो ते. आकाशातला फरक ताणला की त्याचं रणांगण होतं, आणि त्यापुढे मंदिर खेळण्यासारखं वाटतं. ज्या वास्तूची सगळी ताकद तिच्या वजनात आहे तिचं वजनच गेलं. भिंतींवरची शिल्पं सूर्य सरकतो तशी एकेक करून उन्हात येतात. अकराला एक बाजू, दुपारनंतर दुसरी. टोन मॅपिंग केलेल्या फोटोत दोन्ही बाजू एकाच वेळी सारख्याच उजळ. म्हणजे वाजले किती?

आणि या फोटोंत माणसं नसतात. का नसतात ते सांगतो. तीन, पाच, सात फोटो घेताना माणूस हलतो. जोडल्यावर त्याचं भूत होतं, एका ठिकाणी अर्धा पाय, दुसऱ्या ठिकाणी अर्धी पिशवी. मग सॉफ्टवेअर भूत पुसतं, किंवा छायाचित्रकार पहाटेच जातो, किंवा "जरा बाजूला व्हा" म्हणतो. मीही म्हटलंय. कार्ल्याला म्हटलंय, नवस फेडायला आलेल्या एका कोळी कुटुंबाला. ते बिचारे बाजूलाही झाले. जिथे वर्षभर माणसांचा राबता आहे तिथली माणसं तंत्राच्या सोयीसाठी पुसली जातात, आणि बघणाऱ्याला वाटतं ही कुणी शोधून काढलेली ओस जागा आहे. हे मला भडक रंगांपेक्षा जास्त लागतं.

इथवर तुम्ही म्हणाल, आवडीनिवडीचा प्रश्न आहे. नाही. आता गोव्याला चला. जुन्या गोव्याचं बॉम जेझूस बाझिलिका. दर्शनी भाग उघड्या जांभ्याचा. मुळात ही वास्तू गिलाव्यात होती. बाहेरचा गिलावा १९५०च्या दशकात काढला, आणि तेव्हापासून कोकणचा पाऊस थेट जांभ्यावर पडतोय. जांभा कसा दगड आहे ते गोवेकराला आणि रत्नागिरीकराला सांगायला नको. सच्छिद्र, हवेत कडक होणारा, पण सतत पाण्यात झिजणारा. गिलावा परत करावा की लाल रूपच ठेवावं, यावर अलीकडे चांगलाच वाद झाला. लोकांना लाल रूपाची सवय झालीय, त्यांच्या मनातलं चर्च तेच.

अशा वादात फोटो पुरावा होतो. दहा वर्षांपूर्वीची छिद्रं आणि आजची छिद्रं शेजारी ठेवून बघता येतात. पण तो फोटो बारीक फरक ताणलेला असेल तर? प्रत्येक भोक खोल दिसतं, प्रत्येक ओघळ काळा दिसतो. पुढच्या वर्षी दुसऱ्यानं पट्टी कमी सरकवली, तर दगड सुधारला! माझ्यावर ही वेळ आलेली आहे. दुसऱ्या एका जुन्या वास्तूच्या ओलीचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंनी माझ्याकडे जुने फोटो मागितले. मी हौसेनं तीस-चाळीस पाठवले. त्यांनी अगदी नम्रपणे परत कळवलं की यातला डाग किती आणि तुमची प्रक्रिया किती ते सांगता येत नाही, मूळ फायली आहेत का? बहुतेकांच्या नव्हत्या. हार्ड डिस्कवर जागा नाही म्हणून मी पुसल्या होत्या, तयार फोटो आहे ना मग कच्चा माल कशाला. सोळा फोटोंतून उजेड मोजणारं तंत्र मी वापरलं होतं आणि मोजमापच टाकून दिलं होतं.

मेजर रॉबर्ट गिल आठवतो. ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा'मुळे मराठी माणसाला तो परका नाही. त्यानं १८४४ पासून वर्षानुवर्षं अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या, आणि त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. अजिंठा-वेरूळचे त्याचे फोटो मात्र १८६४ साली फर्ग्युसनच्या मजकुरासह पुस्तकात आले होते. त्या फोटोंत अंधार भरपूर आहे, काही ठिकाणी काहीच दिसत नाही. पण जे दिसतं त्यावर विश्वास ठेवता येतो. मला माझ्या चाळीस फोटोंबद्दल तसं म्हणता येत नाही.

फोनविषयी एकच गोष्ट सांगतो. आता तुमचा फोन न विचारताच अनेक फोटो जोडतो, त्यामुळे ही फक्त हौशी लोकांची चर्चा राहिलेली नाही. गेल्या काही वर्षांत उलट एक बरी गोष्टही झालीय. नवे पडदे खरोखरच जास्त उजळ आहेत, आणि फोटोच्या फायलीत "इथे जास्त चमक दे" अशी माहिती ठेवता येते. म्हणजे गवाक्ष खरंच डोळे दिपतील असं दाखवायचं आणि पडवी निवांत अंधारात ठेवायची, हे पडद्यावर शक्य झालंय. कार्ल्यासाठी हे वरदान आहे. पण बहुतेक लोक ते सूर्यास्तासाठी आणि लग्नाच्या रोषणाईसाठीच वापरतायत.

आता प्रश्न घेऊ.

[प्रश्न: मग तुम्ही स्वतः आता कसं करता? नेमकं सांगाल का?]

सांगतो. फोटो आधीसारखेच काढतो, पाच, दोन-दोन स्टॉपच्या अंतरानं. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, नसेल तर कॅमेरा पिशवीवर जमिनीवर ठेवतो. खांबाला टेकवू नका कृपा करून. जोडतो, पण जोडलेली फाईल कच्चीच ठेवतो, आणि मूळ पाचही ठेवतो. मग सबंध चित्राला एकच वक्र. पडवी फारच बुडाली तर हातानं थोडी उचलायची, पण स्तूपाच्या वर जाऊ द्यायची नाही. फोटो काढताना एका वहीत लिहून ठेवतो: सगळ्यात उजळ काय, मग काय, मग काय, शेवटी काय. चार-पाच ओळी. घरी आल्यावर आठवण दगा देते, पडद्यावर जे छान दिसतं तेच तिथे होतं असं वाटायला लागतं. वही सांगते. गवाक्षाला पांढरं जाऊ देतो, त्यात ढग शोधत बसत नाही. आणि आत शिरल्यावर दहा मिनिटं कॅमेरा काढत नाही.

[प्रश्न: पण लेण्यांत पूर्वी आरसे लावून ऊन आत घेत आणि चित्रं दाखवत ना? तोही कृत्रिम उजेडच.]

बरोबर आहे, अजिंठ्याला चकचकीत पत्रे आणि आरसे धरून दाखवायचे. चांगला मुद्दा काढलात. पण तो उजेड एका जागी पडायचा, बाकी लेणं अंधारातच. आणि आरसा धरणारा माणूस तुम्हाला दिसत असायचा. उजेड कुठून येतोय याची फसवणूक नव्हती. शिवाय तो हात हलला की उजेड हलायचा, त्यात चेहरे जिवंत व्हायचे म्हणतात. ते फोटोत आणता आलं तर मला कळवा.

[प्रश्न: कॅलेंडरचा तो फोटो पुन्हा केलात का?]

केला. नशिबानं त्याच्या मूळ फायली एका जुन्या डीव्हीडीवर सापडल्या. हा बघा. दोन्ही बाजू गडद, मध्ये स्तूप, वर पांढरं गवाक्ष, खांबांचे फक्त पुढचे काठ. दगड करडा. कॅलेंडरवाल्यांना पाठवला, म्हटलं पुन्हा छापणार असाल तर हा घ्या. त्यांचा फोन आला, "सर, छपाईत दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसतील, लोक म्हणतील प्रिंट खराब आहे. जुनाच द्या." मी जुना दिला नाही, त्यांनी नवा घेतला नाही. त्या पानावर त्यांनी राजस्थानातला एक किल्ला छापला. वादळासकट.

बोला, मागे कुणाचा तरी हात वर आहे.